मिलानला आम्ही सहज गेलो होतो

ज्यांच्या घरी लग्नाच्या वयाची मुलं-मुली आहेत अशी समस्त मराठी कुटुंबं, त्यांच्या आत्या-मावश्या, आणि विशेषकरून पुणे व नाशिक येथील उभय पक्षांचे नातेवाईक यांना या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इटली देशी, मिलान शहरी, तिथल्या पुरातन कॅथेड्रलमध्ये आमच्यातर्फे मुलगी दाखवण्याचा कोणताही कार्यक्रम कधीही झालेला नाही. आम्ही तिथे सहज गेलो होतो. तेही सहज आले होते. भेट झाली ती निव्वळ योगायोगाने.

या योगायोगाच्या तयारीत माझा अख्खा उन्हाळा गेला.

ही दोन हजारच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. मी तेव्हा जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला एका मोठ्या कंपनीत होतो आणि बायकोसह तिथेच राहत होतो. माझी भाची म्युनिकला एका संस्थेत लेसरवर संशोधन करत होती. तिचं वय तिशीला टेकलेलं. जर्मनीत या वयाच्या मुलीला लोक विचारतात, यंदा सुट्टीला कुठे जाणार. आपल्याकडे काय विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेच विचारायला माझी ताई, म्हणजे तिची आई, उन्हाळाभराचा व्हिसा काढून खास पुण्याहून आली होती.

मायलेकींमध्ये करार झाला होता. पुण्याला दर सुट्टीत भाची पोह्यांची बशी हातात घेऊन अनोळखी माणसांसमोर सोफ्याच्या कडेवर बसून आली होती. एका घरातल्या बाईंनी तिला खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. एका मुलाने तिचा चष्मा लेसरमुळे लागला का, अशी चौकशी केली होती आणि तो मुलांना लागू शकतो का, अशी पुढची चौकशी त्याच्या वडिलांनी केली होती. तेव्हा भाचीने आईला सांगितलं की आता एकच, शेवटचा. बशी नाही, सोफा नाही, चार भिंतींत नाही. उघड्यावर, हिंडताफिरताना भेटायचं. आणि हाही जमला नाही तर आईने या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. ताईने म्युनिकच्या त्या इवल्याशा घरात, फ्रिजवर बसवलेल्या गणपतीसमोर हे कबूल केलं. आमची ताई शब्दाची पक्की. एकदा कबूल केलं की संपलं. हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आल्यावर तिची झोप उडाली, आणि तिने मला फोन करून माझी उडवली.

मुलगा मी शोधला होता. शोधला म्हणजे आमच्या गाडीखाली सापडला. ब्रेक करकरत होता आणि त्सुफेनहाउझेनच्या स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात ब्रेकवरच काम करणारा एक नाशिकचा इंजिनिअर आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो आला, नमस्कार केला, पाठीवर सरकत गाडीखाली गेला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "पुढची डिस्क." मग बायकोने केलेली थालीपिठं त्याने खाल्ली, "छान" म्हणाला, स्वतःची बशी स्वतः धुतली आणि गेला. पुरुषाने बशी धुणं आमच्या घरात प्रथमच घडत होतं. दार लागल्यावर बायको म्हणाली, मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त बोलत नाही. मी म्हणालो, आमच्या घरात ती जागा रिकामीच होती.

योग असा की त्याची आईही त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे आलेली. फोनवर बोलणं झालं. माउली अगदी मोकळी. पोराला तीनदा नकार आलाय, तिने सांगितलं. कारण दर वेळी एकच, मुलगा तोंड उघडत नाही. आता चौथा नकार आला तर तो पुन्हा म्हणून कुणाला भेटणार नाही म्हणतोय. तेव्हा तिचीही एक अट होती. याला कार्यक्रम म्हणायचं नाही. दोन कुटुंबं सहज भेटली, इतकंच. जमलं तर जमलं. नाही जमलं तर कुणी कुणाला नकार दिलाच नाही, कारण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता सहज भेटायचं कुठे? श्टुटगार्टात शक्य नव्हतं. तिथे दोन मराठी कुटुंबं एका बाकावर बसलेली दिसली की संध्याकाळच्या आत म्युनिकला अभिनंदनाचे फोन जातात. मी तरुणपणी हौशी नाटकांत बरीच उस्तवार केलेली. योगायोगाला भव्य नेपथ्य लागतं, हे माझं मत. म्हणून मी मिलान सुचवलं. बायकोने विचारलं, हायडेलबर्गात काय वाईट आहे. मी उत्तर दिलं नाही. दिग्दर्शकाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊन चालत नाही.

योजना सोपी होती. दोन गाड्या वेगळ्या निघतील, दोन हॉटेलांत वेगळ्या उतरतील, आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता कॅथेड्रलसमोरच्या चौकात, घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्याखाली, एकमेकांवर आदळतील. "अरेच्चा, तुम्ही इथे कसे?" हे वाक्य मी मुलाच्या आईला दिलं होतं, कारण त्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये काम केलेलं होतं. आपण म्हणायचं, "आम्ही सहज. तुम्ही?" पुढचं आपोआप घडेल.

पण तेव्हा स्वित्झर्लंड शेंगेनच्या सामाईक व्हिसात नव्हतं. दोन्ही आयांच्या पासपोर्टवर शेंगेनचा व्हिसा, स्वित्झर्लंडचा नाही. त्यामुळे नकाशावर नाकासमोर दिसणारं मिलान गाठायला दोन्ही गाड्यांना अख्ख्या स्वित्झर्लंडला वळसा घालून ऑस्ट्रियातून, ब्रेनरवरून जावं लागणार होतं. वाट एकच, निघायची वेळ साधारण एकच, आणि मराठी माणसाला चहा लागतो तीही वेळ एकच. शुक्रवारी दुपारी इन्सब्रुकच्या अलीकडच्या राष्टश्टेटेवर, म्हणजे महामार्गावरच्या थांब्यावर, मी ट्रे घेऊन वळलो आणि समोर तो ब्रेकवाला मुलगा. चेहरा उजळला त्याचा. सरळ माझ्याकडे येऊन म्हणाला, "नमस्कार काका."

आता तुम्हीच सांगा. उद्याचा योगायोग आज खर्च झाला असता. मी त्याच्याकडे परक्या नजरेने पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणालो की माफ करा, आपली काहीतरी चूक होतेय. तो ओशाळला. सॉरी म्हणाला आणि बाजूला झाला. बायको मागेच उभी होती. म्हणाली, "अहो, त्या पोराला खरंच वाटलं की तुम्ही दुसरे कुणीतरी आहात."

तिकडे बायकांच्या स्वच्छतागृहात याहून मोठं नाट्य चाललं होतं. ताई आणि मुलाची आई एकाच रांगेत, एकीमागे एक. दोघींनी एकमेकींचे फोटो पाहिलेले, दोघी फोनवर तास तास बोललेल्या. पण करार म्हणजे करार. दोघी छताकडे बघत उभ्या राहिल्या. हात धुताना ताईला साबणाचं ते यंत्र चालवता येईना, तेव्हा शेजारून एक हात आला, त्याने कळ दाबून ताईच्या ओंजळीत साबण पाडला आणि त्या हाताची मालकीण मान न वळवता बाहेर निघून गेली. गाडीत बसल्यावर ताईने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, "बाई मनाने चांगली वाटते. मी ओळख दाखवली नाही." भाची मागच्या सीटवर तोंडावर ओढणी घेऊन हसत होती.

शनिवारी अकराला आम्ही चौकात हजर. कॅथेड्रल मात्र हजर नव्हतं. म्हणजे होतं, पण डागडुजी चाललेली. पुढची सगळी बाजू, जी पाहायला लोक जगभरातून येतात, ती परांची बांधून वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कापडाने झाकलेली. भाचीने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "मामा, हिलाही बघायला आज कुणी आलंय वाटतं. पदर घेऊन बसलीय."

आणि मग डावीकडून पैठणी आली. मोरपंखी, काठापदराची, ऑगस्टच्या उन्हात. आमच्याकडूनही काही कमी नव्हतं, ताई कांजीवरममध्ये होती. सहज हिंडायला निघालेल्या त्या दोन बायकांना बघून कबुतरं बाजूला झाली आणि जपानी पर्यटकांची एक तुकडी घोड्यावरच्या राजाला सोडून इकडे वळली. इतके कॅमेरे समोर पाहून मुलाच्या आई आपलं वाक्य विसरल्या. तोंड उघडं, शब्द नाही. मी डोळ्यांनी इशारे केले, मानेने केले. शेवटी मुलगा एक पाऊल पुढे झाला, फरशीकडे बघत, पाठांतर म्हणून दाखवल्यासारखा खणखणीत म्हणाला, "अरेच्चा, तुम्ही इथे कसे?"

"आम्ही सहज. तुम्ही?"

"आम्हीपण सहज."

यापुढचं मी लिहिलेलं नव्हतं. शांतता इतकी लांबली की गेलेली कबुतरं परत आली. भाचीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि अगदी निरागसपणे मुलाच्या आईंना विचारलं की काल इन्सब्रुकच्या थांब्यावर तुम्हीच होतात का. आम्ही चौघांनी एकाच सुरात नाही म्हटलं. मुलाने मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच जरा निरखून पाहिलं.

मग आम्ही आत गेलो, आणि खरं सांगतो, काही वेळ मी दिग्दर्शन विसरलो. बाहेरच्या उन्हातून एकदम त्या गार अंधारात शिरलं की आधी काही दिसत नाही. मग खांब दिसायला लागतात. घेर असा की आम्ही सहा जणांनी हात धरले असते तर कसाबसा एकाला विळखा पडला असता. ते वर जातात, जात राहतात, आणि कुठेतरी डोक्यावर अंधारात छताला मिळतात. लांब टोकाला रंगीत काचांच्या खिडक्या, त्यांतून आलेला लाल-निळा उजेड फरशीवर सांडलेला. शेकडो वर्षं बांधत होते हे, असं मी सांगितलं. ताईने मान हलवली. तिच्या सोसायटीच्या लिफ्टचं कामही तसंच चाललं होतं.

एका पुतळ्यापाशी मुलाच्या आई थांबल्या. दाढीवाला, सडसडीत, शिरा न् शिरा कोरलेला म्हातारा. खांद्यावरून कमरेपर्यंत काहीतरी घेतलेलं. त्यांनी कौतुकाने बोटाने दाखवलं की उपरणं किती झोकात घेतलंय. मी पुस्तकात पाहून सांगितलं की हे एक संत आहेत, त्यांना जिवंतपणी सोललं होतं, आणि ते उपरणं म्हणजे त्यांचीच कातडी. त्यांनी बोट मागे घेतलं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

पण आपण आलो होतो कशासाठी, तर ते काही घडत नव्हतं. दाराजवळ फरशीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. वर छताजवळ एक भोक आहे. भर दुपारी त्यातून ऊन येतं आणि पट्टीवर पडतं, त्यावरून मध्यान्ह कळते. भाचीला हे माहीत होतं. ती उकिडवी बसून समजावून सांगायला लागली, उन्हाळ्यात ऊन कुठे पडतं, हिवाळ्यात कुठे सरकतं, हातवारे करून, चष्मा वर सारून, अगदी रंगात येऊन. मुलगाही शेजारी उकिडवा बसला. सगळं ऐकलं. पट्टीवरून बोट फिरवलं. भाची थांबली, त्याच्या तोंडाकडे बघत. आम्ही चौघं एका खांबाआड, श्वास रोखून.

"हं," तो म्हणाला.

भाचीने आणखी थोडी वाट पाहिली. मग ती उठली आणि माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट होतं. पुण्याहून परतताना दर वेळी विमानतळावर तिचा असायचा तसा चेहरा होता. ताईने तो पाहिला. माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली. "अरे, काहीतरी कर," ती पुटपुटली. "हा शेवटचाय रे." दुसऱ्या बाजूला मुलाच्या आई मुलाला कोपराने ढोसत होत्या आणि तो पितळी पट्टीकडे बघत होता.

अशा वेळी आपल्याकडे काय करतात? मोठ्यांपैकी कुणीतरी खाकरतं आणि म्हणतं, मुलांना जरा मोकळेपणी बोलू द्या, गच्चीत जाऊन या दोघं. मराठी लग्नांमध्ये कुंडलीने जेवढं जुळवलं नसेल तेवढं गच्चीने जुळवलंय. आणि मिलानच्या कॅथेड्रलला, वाचकहो, गच्ची आहे. नुसती गच्ची नाही, सगळं छपरच संगमरवरी, त्यावर माणसं हिंडतात, बसतात. अर्ध्यापर्यंत लिफ्ट जाते, पुढे जिना. मी खाकरलो.

"तुम्ही दोघं गच्चीत जाऊन या," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, "वर?"

दिवसभरात स्वतःहून काढलेला हा त्याचा पहिला शब्द. आम्हाला तो उत्साह वाटला. त्याच्या आई म्हणाल्या, जा रे, नाशिकला तर तुझा मुक्काम गच्चीतच असायचा. त्याने आईकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. भाची निघाली होतीच. एकदा संपवून टाकू, अशा चालीने. तो तिच्या मागे गेला.

ठरलं असं होतं की आपण खाली थांबायचं. आम्ही थांबलोही, लिफ्ट परत खाली येईपर्यंत. मग ताई म्हणाली की इतक्या लांब आलोय तर गच्ची बघायला काय हरकत आहे. मुलाच्या आई म्हणाल्या, सहजच. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिला लिफ्टमध्ये सगळ्यात आधी शिरायला जागा दिली.

वर गेलो आणि दोन्ही आयांच्या तोंडून एकदम "अगंबाई" निघालं. चारी बाजूंना पांढऱ्या दगडाची टोकं, कारंज्यांसारखी वर उडालेली, आणि प्रत्येक टोकावर एक पुतळा उभा. खाली चौकातली माणसं तिळाएवढी. लांब आल्प्सची निळसर रेघ. पण मुलं कुठे दिसेनात. एका अरुंद वाटेने, मग उघड्या दगडी जिन्याने, निऱ्या सावरत, एकमेकींना हात देत, नको तिथे न बघता आम्ही सगळ्यात वरच्या छपरावर पोचलो. तिथे पर्यटक ऊन खात पसरलेले. आणि छपराच्या बरोब्बर मधोमध, कुठल्याही कडेपासून जास्तीत जास्त लांब, दोघं बसलेली.

"अरे देवा," ताई म्हणाली. "हात धरलाय."

मुलाच्या आईंनी विचारलं, कुणी कुणाचा. बायकोने डोळे बारीक करून पाहिलं आणि सांगितलं की मुलाने, दोन्ही हातांनी. पहिल्याच भेटीत. परदेशात राहून मुलं किती पुढे गेलीत, यावर काही बोलावं की आनंद मानावा, हे दोघींना ठरवता येईना. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलगा बोलत होता. थांबतच नव्हता. त्याच्या आईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हळूच विचारलं की तो आपलाच आहे ना.

कुणीतरी जाऊन ऐकायला हवं होतं. सर्वानुमते तो कुणीतरी मी ठरलो. मी एका सुळक्याच्या आडोशाने, नकाशा वाचत असल्यासारखा, पुढे सरकत गेलो आणि त्यांच्या पाठीशी पोचलो.

मुलाचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. भाचीचा हात त्याने, बुडणारा माणूस दोर धरतो तसा धरला होता आणि एका श्वासात तो सगळं सांगत सुटला होता. त्याला उंचीची भीती वाटते, अगदी लहानपणापासून. नाशिकच्या गच्चीत तो पाण्याच्या टाकीला पाठ लावून अभ्यास करायचा, उठायची हिंमत नसायची म्हणून तासन्तास. आईला वाटायचं पोरगा अभ्यासू. किल्ल्यांवरच्या ट्रेकचे त्याचे सगळे फोटो पायथ्याचे आहेत. ऑफिसात त्याने खिडकीजवळची जागा सोडून भिंतीजवळची मागून घेतली. आईने गाडीत म्युनिकपासून ब्रेनरपर्यंत त्याच्याकडून ते अरेच्चाचं वाक्य ऐनवेळी लागलं तर म्हणून घोटून घेतलंय. आणि थांब्यावर तुमच्या मामांसारखाच हुबेहूब एक माणूस भेटला, तो जर्मन निघाला.

भाची आधी हसत होती. हे ऐकून तर फारच. मग तो म्हणाला की तीन मुलींनी त्याला नकार दिला कारण तो बोलत नाही. पण तो न बोलणारा नाही. त्याला बोलायच्या आधी नीट बघून घ्यायची सवय आहे, ब्रेकच्या कामात तसंच लागतं, आणि त्याचं बघून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. खाली त्या पट्टीपाशीही त्याला एक विचारायचं होतं.

"मग विचार ना आता," भाची म्हणाली.

त्याने डोळे मिटूनच विचारलं, इतक्या वर्षांत इमारत थोडी खचली असणार, मग ऊन पट्टीवर बरोबर कसं पडतं. भाची सरसावून बसली. चांगलाच प्रश्न असावा, कारण तिने उत्तर द्यायला सुरुवात करून मध्येच थांबून विचार केला. मग दोघांचं जे सुरू झालं ते मला काही कळलं नाही. अंश, कला, पाया, भेगा. मी नकाशा उलटा धरलाय, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

मध्येच ती म्हणाली, "पण एवढी भीती वाटते तर तू वर आलासच कशाला?"

"तुम्ही निघालात म्हणून," तो म्हणाला.

भाचीने त्याच्याकडे वळून पाहिलं. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते, पण ते बाजूला करायला हात मोकळा नव्हता. दुसरा होता, तोही तिने वापरला नाही.

मी परत जाऊन हे सांगायला हवं होतं. पण मागे वळतो तर दोन रेशमी साड्या आणि माझी बायको माझ्यापर्यंत येऊन पोचलेल्या. त्यांच्याच्याने धीर धरवला नव्हता. मुलाच्या आईंनी मुलाकडे पाहिलं. मिटलेले डोळे, पांढराफटक चेहरा, ओला शर्ट. त्या आई होत्या, एका क्षणात सगळं उमगलं. नाशिकची गच्ची, पाण्याची टाकी, सगळं. आणि त्याच क्षणी दुसरंही त्यांना कळून चुकल्यासारखं वाटलं असणार, की अशा घाबरटाला कोण हो म्हणतंय. चौथा नकार समोर उभा होता. तो कुणी उच्चारायच्या आत त्यांनी पोराला पदराआड घ्यावं तसं बोलायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या की आपण तर सहजच भेटलो, यात कुणी कुणाला काही विचारलेलं नाही, तेव्हा उत्तराचाही प्रश्न नाही. किती छान झाली भेट. बाकी घरी गेल्यावर फोनवर बोलूच.

फोनवर बोलूच. मराठीत याचा अर्थ काय होतो ते ताईला पुरतं ठाऊक होतं, तिने पुण्यात तो अनेक दारांतून ऐकला होता. तिने माझी बाही पुन्हा धरली. तोंड उघडलं. आणि मग, शब्दाची पक्की माझी बहीण, तिने ते मिटून घेतलं. इटलीच्या आकाशाखाली मी तिला इतकी म्हातारी कधी पाहिली नव्हती. बायको पुढे होऊन काहीतरी सावरणार होती, मी काहीतरी विनोद करणार होतो, पण आम्हा दोघांनाही त्याची गरज पडली नाही.

भाची उठायला गेली. पूर्ण उठता येईना, कारण मुलाने हात सोडला नव्हता. तेव्हा तशीच अर्धवट वाकलेली, केस तोंडावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अशा अवस्थेत ती इतक्या मोठ्या आवाजात बोलली की ऊन खाणारे पर्यटक उठून बसले:

"काकू, फोन कशाला, मला मुलगा पसंत आहे. आता एका बाजूने तुम्ही धरा, एका बाजूने मी धरते, आणि याला आधी खाली नेऊ या."